शीड शिवणारी ‘हेल्पर’

(अहमदपूर येथे शिवणकाम आणि बारदान-ताडपत्रीचं काम करणाऱ्या बायकांपुढे केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला बोलायला बोलावलं तेव्हा मी ताईंना म्हटलं, मला दाभण धरता येतं, माईक धरता येत नाही. त्या म्हणाल्या, दाभणानं जे केलं तेच सांगा. तेव्हा तेच सांगते.

मी तेरा वर्षं गोव्यात बोटींची शिडं शिवली. त्यातली पहिली अकरा वर्षं माझं नाव मस्टरवर ‘हेल्पर’ म्हणून होतं. तुम्ही हसताय ते दिसतंय मला. अहमदपूरची बाई अन् शीड! समुद्र इथून चारशे किलोमीटर. आपल्याकडे बोट म्हणजे हाताचं बोट. पण ऐका, हे काम तुम्हाला परकं नाही. हिंदीत शिडाला ‘पाल’ म्हणतात. आपल्याकडे पाल म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या टोळीचं फडाकडेचं घर. दोन्ही कापडाचीच. दोन्ही वाऱ्यात फाटतात, आणि फाटली की ज्याच्या हातात सुई आहे त्याच्याकडे सगळे बघतात.

माझी माय मोंढ्यात बारदान शिवायची. इथल्या पुष्कळ जणींच्या माया शिवायच्या. आडतीवर रिकाम्या पोत्यांचे ढीग, उंदरांनी कुरतडलेली, हमालाच्या आकड्यानं फाटलेली. दाभण, सुतळी आणि बसायला एक पोतं. दर पोत्यामागे पैसे. मी शाळेतून आले की तिच्या शेजारी बसायची. तिथं मी पहिलं शिकले ते हे, की भोक दिसतं तेवढंच फाटलेलं नसतं. माय भोकाच्या कडेनं अंगठा दाबत जायची. जिथं ताग अजून अंगठ्याला उलटा जोर देतो, तिथून ठिगळाची कड धरायची. गळालेल्या तागात टाका घालून उपयोग नाही, तो टाक्यासकट निघून येतो.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट इथल्या कोणी विसरलेलं नाही. किल्लारी, सास्तूर, ती सगळी गावं गेली. आपल्याकडे घरं उभी राहिली, पण कितीतरी रात्री कोणी घरात झोपायला तयार नव्हतं, आणि वरून पाऊस. एका दुकानदारानं मायपुढे फाटक्या ताडपत्र्यांचा ढीग टाकला. कंदिलाच्या उजेडात आम्ही दोघी शिवत बसलो. मी पंधरा वर्षांची होते. मी चौकोनी ठिगळ लावलं, तर मायनं ते उसवायला लावलं. म्हणाली, कोपरा ठेवलास तर वारा कोपऱ्यापासूनच धरतो. मग तिनं जेवायची ताटली ठिगळावर उपडी ठेवली, कोळशानं गोल आखला आणि म्हणाली, असं काप. त्या ताडपत्र्यांची मजुरी तिला पोत्याच्या दरानं मिळाली. ताडपत्री जड असते, बोटं सोलून निघतात, सुई बदलावी लागते. पण बाई शिवते म्हटल्यावर दर एकच.

पुढे लग्न झालं. २००३ मध्ये नवऱ्यामागे गोव्याला गेले. तो बांधकामावर, मी पण घमेली उचलायला. तीन वर्षांनी एका कारखान्यात लागले. कारखाना म्हणजे मोठी शेड. हॉटेलांच्या छत्र्या, तंबू, बोटींच्या गाद्यांची कव्हरं आणि शिडं, एवढं काम तिथं चालायचं. कारखान्याचं नाव सांगत नाही. मला झाडलोटीला घेतलं होतं. एक दिवस जाड कोपऱ्यात सुई मोडली, कारागीर चिडून चहाला गेला. मी पोत्याला घालतो तसा दाभणानं टाका घालून ठेवला. त्यानं आल्यावर बघितलं, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळे जाड कोपरे माझ्याकडे. मस्टर मात्र तेच.

आता शीड म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं बोलणं त्याशिवाय कळणार नाही. फिरायच्या लहान बोटीवर, तीस-चाळीस फुटांच्या, साधारण दोन शिडं रोजची असतात. एक डोलकाठीच्या मागे, त्याला मेनसेल म्हणतात. दुसरं पुढच्या तारेवर गुंडाळलेलं, ते जेनोआ. दोन्ही तिकोनी. एक कड बांधलेली, एक खालची, आणि मागची एक कड मोकळी. या मोकळ्या कडेला लीच म्हणतात, आणि पहिली फाटते ती तीच. का, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. झेंडा बघा. आपल्या शेजारी उदगीरच्या खादी केंद्रात तिरंग्याचं कापड विणतात आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत झेंडा तयार होतो. तो झेंडा कुठून विरतो? काठीकडून नाही, फडफडणाऱ्या टोकाकडून. कापडाला वाऱ्याच्या जोरापेक्षा फडफड वाईट. जोरानं ताणलेलं शीड वर्षानुवर्षं टिकतं, नुसतं फडफडत ठेवलेलं एका मोसमात मऊ पडतं.

जुन्या काळी शिडं सुती असायची. मुंबईतल्या डोंगरीच्या नावानं ओळखलं जाणारं जाडंभरडं सुती कापड, डुंगरी, हे शिडांना आणि तंबूंना वापरायचे. इंग्रजीतला डंगरी शब्द तिथूनच गेला. आता कापड पॉलिस्टरचं, डेक्रॉन म्हणतात. हातात घेतलं तर कोऱ्या नोटेसारखं कुरकुरतं, कारण त्याला राळेसारख्या पदार्थानं कडक केलेलं असतं. पन्हाच्या पट्ट्या जोडून शीड करतात. जुन्या दोन लुगड्यांना दंड घालतो ना, तसेच पट्टीला पट्टी दंड. पण सरळ नाही. पट्टीची कड किंचित गोलाई देऊन कापतात, म्हणजे जोडल्यावर शिडाला पोट येतं. ब्लाऊजला टक्स घालून आकार आणतो तसंच हे. त्या पोटात वारा बसतो तेव्हा बोट चालते. म्हणून दुरुस्ती करताना एक चुणी पडली की शिडाचा आकार बिघडला. मालकाला वाटतं बोट म्हातारी झाली. बोट म्हातारी झालेली नसते, कुणीतरी ठिगळ ओढून शिवलेलं असतं.

शिडाचा पहिला वैरी ऊन. ऊन कापडाआधी दोरा खातं. सुती कापडात टाका आत रुततो, या कडक कापडावर तो वर उभा राहतो, त्यामुळे ऊनही त्यालाच आणि घासही त्यालाच. शीड वरून नवं कोरं दिसतं आणि शिवण मेलेली असते. परीक्षा सोपी आहे. टिपेवर नख जोरानं ओढायचं. दोरा तुटला तर सगळी टीप पुन्हा मारायची, एकेक ठिकाण शोधत बसायचं नाही, कारण एक टाका मेला म्हणजे त्याच्या वयाचे बाकीचेही गेलेले. टीप सरळ नाही, नागमोडी, झिगझॅग. कापड ताणलं की नागमोडी टाका जागा देतो, सरळ टाका तुटतो. दोरा पॉलिस्टरचा, सुती नाही, सुती कुजतो. गुंडाळून ठेवलेल्या जेनोआला बाहेरून उन्हाची पट्टी असते, वेगळ्या कापडाची. ती पट्टी मरायलाच लावलेली असते, ती मरते म्हणून आतलं शीड जगतं. काही वर्षांनी ती उसवून नवी लावायची. हे उसवण्याचं काम फार कंटाळवाणं. ते सगळं आम्हा बायकांकडे.

दुसरा वैरी घास. डोलकाठीला आडव्या दांड्या असतात, तारांना फाक देणाऱ्या. मागून वारा असला की मेनसेल त्या दांड्यांवर आणि तारांवर जाऊन पडतं आणि बोटीच्या प्रत्येक हेलकाव्याला घासतं. रात्रभर. आपल्या पोराच्या विजारीचा गुडघा जसा जातो तसं तिथंच भोक पडतं. शहाणा माणूस भोक पडायच्या आधी तिथं ठिगळ लावून ठेवतो. आम्ही नवीन शीड पहिल्यांदा डोलकाठीवर चढवून बघायचो, कुठं टेकतं तिथं पेन्सिलीनं खूण करायची आणि मग उतरवून ठिगळ.

आणि मीठ. मिठाचे कण शिडात राहिले की ओल धरून ठेवतात, काचेच्या भुकटीसारखे घासतात, बुरशी येते. त्याला उपाय एकच, गोड्या पाण्यानं धुवायचं. गरम पाणी नाही, ब्लीचिंग नाही, घासायचा ब्रश नाही, पाहिजे तर थोडा सौम्य साबण. सावलीत पूर्ण वाळवायचं आणि मगच घडी. घडीही दर वेळी वेगळ्या जागी. रेशमी साडीची घडी आपण अधूनमधून बदलतो, नाहीतर ती घडीवर चिरते. शीडही तसंच चिरतं. हे मला कोणी शिकवलं नाही. मी पहिल्या आठवड्यातच बोलले आणि कारागीर म्हणाला, तुला काय माहीत? 

या पाण्याचं एक सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. २०१६ चा एप्रिल. मी शेडच्या अंगणात पाईपनं शीड धूत होते. तेवढ्यात भावाचा फोन आला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येतंय, म्हणाला, घागरीसाठी रात्री दोनला उठतोय. माझ्या हातात पाईप चालू होता. एक शीड धुवायला किती पाणी गेलं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बादलीनं मोजायला लागले. चोवीस बादल्यांवर थांबले, पुढं मोजवेना. मग मी पाईप बंद केला आणि ओल्या फडक्यानं पुसून काढलं ते शीड. मुकादम ओरडला. ओरडू दे म्हटलं. खरं तर समुद्रावर लोक असंच करतात. तिथं प्यायचंच पाणी मोजून असतं, शीड धुणार कुठून? पावसाची सर आली की शीड उघडून देतात, आणि फाटलेल्या जागेपुरतं गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसतात.

समुद्रावर शीड फाटलं तर काय करतात, हे मी बोटींवरून आलेल्या बायकांना विचारून घेतलं आहे. आधी शीड उतरवायचं. तसंच वर ठेवलं तर वीतभर चीर दहा मिनिटांत वरपासून खालपर्यंत जाते. मग ती जागा कोरडी करायची, मीठ पुसायचं, कारण मिठावर चिकटपट्टी धरत नाही. शिडाच्या कापडाचीच चिकटपट्टी मिळते, ती दोन्ही बाजूंनी लावायची. चीर लहान असेल तर एवढ्यावर बंदर गाठता येतं. मोठी असेल तर त्यावरून हातशिलाई. तिकोनी टोकाची सुई, मेण ओढलेला दुहेरी दोरा, आणि हाताला चामड्याचा पट्टा. त्या पट्ट्यात तळव्यावर लोखंडी टिकली असते. आपण अंगुस्तान बोटात घालतो, ते तळव्यात घालतात, म्हणजे सुई बोटाच्या जोरानं नाही, खांद्याच्या जोरानं जाते. आपण मोंढ्यात तेच करायचो, फक्त चामड्याऐवजी चिंध्या गुंडाळून. 

ठिगळ गोल कोपऱ्याचं. ठिगळाचा उभा धागा शिडाच्या उभ्या धाग्याला जुळला पाहिजे. उरेब लागलं तर ठिगळ एकीकडे ताणतं, शीड दुसरीकडे, आणि मध्ये चुणी. कड तापलेल्या सुरीनं कापायची, म्हणजे वितळून बसते आणि धागे सुटत नाहीत. आणि टाके फार जवळ घालू नयेत. मन घाबरलेलं असलं की हात जवळजवळ टाके घालतो, जास्त पक्कं होईल म्हणून. उलट पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि कापड तिथूनच फाटतं. मोठ्या शिडाला दोघी लागतात, एक इकडून सुई देते, दुसरी तिकडून ओढून परत देते. वाकळ शिवताना चार बाजूंना चार जणी बसतात ना, तसंच. फक्त खाली जमीन हलत असते.

१० सप्टेंबर २०१७ ला ‘तारिणी’ निघाली तेव्हा मी पणजीच्या काठावर उभी होते. रविवार होता. नौदलाची ५६ फुटांची शिडाची बोट, गोव्यातच बांधलेली, दिवाडी बेटावरच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये, रत्नाकर दांडेकरांनी. तिच्यावर सहा जणी: वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. सगळ्या अधिकारी. त्यांना शिकवणाऱ्यांत दिलीप दोंदे होते, २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ बोटीवरून एकट्यानं पृथ्वीला फेरी घालणारे पहिले भारतीय, आपले मराठी माणूस. सहा जणी फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाऊन करत गेल्या. जानेवारी २०१८ मध्ये केप हॉर्न ओलांडलं, परतताना सुकाणूची यंत्रणा बिघडली म्हणून मॉरिशसला पोर्ट लुईला थांबावं लागलं, आणि २१ मे २०१८ ला गोव्यात आल्या. २१,६०० सागरी मैल, २५४ दिवस. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला त्याच बोटीवर फक्त दोघी निघाल्या, दिलना के. आणि रूपा ए. एक झोपली की दुसरी जागी. २९ मे २०२५ ला परत आल्या.

तारिणीच्या शिडाला माझा हात लागलेला नाही, हे स्पष्ट सांगते, नाहीतर उद्या गावात भलतंच पसरेल. पण त्या दिवशी काठावर उभी राहून मी एकच बघत होते, त्यांचं मेनसेल चढताना. माझ्या शेजारचा एक गृहस्थ म्हणाला, बायकांना शिवणं आलंच पाहिजे, तिथं उपयोगी पडेल. तो चेष्टा करत होता. मला चेष्टा वाटली नाही. तिथं दक्षिणेच्या समुद्रात शीड फाटलं तर शिवणाऱ्याला कोणी हेल्पर म्हणेल का? पुरुष शिवेल तर तो खलाशी, बाई शिवेल तरी अधिकारी. मग शेडमध्ये तीच शिवण, तोच दोरा, आणि मी हेल्पर कशी?

ही गोष्ट आपल्याकडेच घडते असं नाही. इंग्लंडमध्ये डॅगनहॅमला फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायका होत्या. कारखान्यानं त्यांचं काम कमी कौशल्याच्या वर्गात टाकलं. त्या म्हणाल्या, आम्हाला कामावर घेताना तुम्ही मशीनवर परीक्षा घेता, मग कौशल्य नाही कसं? ७ जून १९६८ ला १८७ जणींनी मशीनी बंद केल्या. सीटच नाहीत म्हटल्यावर गाड्या अडल्या. तीन आठवड्यांनी पुरुषांच्या दराच्या ९२ टक्के दरावर तडजोड झाली, आणि १९७० मध्ये तिथं समान वेतनाचा कायदा आला. पण कुशल हा शब्द? तो मिळायला दुसरा संप करावा लागला. तो १९८४ मध्ये मिळाला. पैसे आधी मिळाले, नाव सोळा वर्षांनी. हे मला एका संघटनेच्या शिबिरात कळलं आणि मी ते कितीतरी दिवस मनात घोळवत होते.

आपल्याकडे १९७६ चा समान वेतन कायदा होता, आता त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेनं घेतली आहे. एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला स्त्री-पुरुष म्हणून कमीजास्त मजुरी देता येत नाही, हे दोन्हींत आहे. पण मालक हुशार असतो. तो बाईला कमी देतो असं म्हणतच नाही. तो हेल्परला कमी देतो. आणि सगळे हेल्पर बायका असतात, हा योगायोग!

आमच्या शेडमध्ये तीन कारागीर पुरुष आणि तीन हेल्पर बायका. कारागीर शीड आखायचे, कापायचे, मोठ्या मशीनवर लांब टिपा मारायचे. ते काम सोपं नाही, मी त्यांचं श्रेय काढून घेत नाही. पण कोपरे, जिथं आठ-दहा थर एकावर एक येतात आणि बोटीचा सगळा जोर येतो, ते हातानं आम्ही शिवायचो. आयलेटच्या कड्या आम्ही बसवायचो. ठिगळं आम्ही लावायचो. कारागीराची मजुरी आमच्या दुपटीहून जास्त होती. मी दोनदा तोंडी विचारलं. पहिल्यांदा उत्तर मिळालं, बघू. दुसऱ्यांदा, तुम्ही तर घरी पण हेच करता.

हे दुसरं उत्तर मला लागलं. घरी आम्ही हे फुकट करतो म्हणून इथं अर्ध्यात करावं, असा त्याचा अर्थ.

डिसेंबर २०१७. बोटींचा मोसम, शेडमध्ये सात शिडं पडलेली. आम्ही तिघींनी ठरवलं, संप करायचा नाही. संप केला तर दुसऱ्या तीन हेल्पर आणतील. आपण रोज वेळेवर यायचं आणि हेल्परचं काम करायचं. झाडायचं, कापड धरायचं, दोऱ्याच्या रिळा द्यायच्या, चहा आणायचा. टाका घालायचा नाही. मुकादम म्हणाला, कोपरे कोण करणार? मी म्हटलं, कारागीर करतील, आम्ही कापड धरतो. मला सांगताना आता हसू येतंय, पण त्या दिवसांत रात्री झोप नव्हती. नवऱ्याचं काम तेव्हा बंद होतं. मुलाची फी भरायची होती.

पहिल्या दिवशी कारागीरांनी आम्हाला टोमणे मारले. दुसऱ्या दिवशी एकाचा तळवा सुईनं फाटला. चौथ्या दिवशी एक शीड गेलं आणि परत आलं, कोपऱ्याच्या थरांत चुणी होती. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी मालकानं बोलावलं. तिथं कायदा आम्ही काढलाच नाही. मी फक्त तीन ठिगळं टेबलावर ठेवली, एक कारागीराचं, एक माझं, एक माझ्या मैत्रिणीचं, आणि म्हटलं, कोणतं कोणाचं ते ओळखा. त्यानं एक उचललं, म्हणाला हे तुमच्या मोठ्या कारागीराचं. ते माझ्या मैत्रिणीचं होतं.

सगळं मिळालं असं समजू नका. हातशिलाईला फुटावर दर ठरला, त्यानं आमची कमाई कारागीरांच्या पाऊण हिश्शावर गेली. मस्टरवर मला ‘कारागीर’ लिहिलं. माझ्या दोघी मैत्रिणींना नाही. मालकानं मला वेगळं काढलं आणि मी ते घेतलं. तिथंच मी म्हणायला हवं होतं, तिघींचं लिहा नाहीतर एकीचंही नको. मी म्हटलं नाही. आज इतक्या वर्षांनी इथं उभी राहून सांगते, ते माझं चुकलं. त्यातली एक वर्षभरात काम सोडून गावाकडे गेली. जाताना तिनं मला तिचा चामड्याचा पट्टा दिला. काही बोलली नाही. तो पट्टा मी आज आणला आहे.

२०१९ ला मी परत आले, मायचं आजारपण होतं. आता आम्ही सात जणी इथं ताडपत्र्यांचं काम घेतो. सोयाबीन झाकायच्या ताडपत्र्या, ट्रॅक्टरची छतं, मांडवाचं कापड, ऊसतोडीच्या पालांची दुरुस्ती. शिडाची सगळी अक्कल इथं लागू पडते. ऊन दोऱ्याला आधी खातं, तेव्हा ताडपत्रीचा दोरा स्वस्तातला घेऊ नका, गिऱ्हाईकाला दोऱ्याचे पैसे वेगळे सांगा आणि का ते नख ओढून दाखवा. ठिगळ गोल. कड वितळवून. कोपऱ्याच्या आयलेटखाली तीन थर तरी. ताडपत्री ओली घडी करू नका, अन् घडी दर वेळी तिथंच करू नका.

आणि पावती. आमच्या पावतीवर आम्ही कामाच्या ओळी वेगळ्या पाडतो: उसवणे, आखणी, ठिगळ, हातशिलाई, आयलेट. आधी आम्ही नुसतं ‘ताडपत्री दुरुस्ती’ लिहायचो, तर गिऱ्हाईक म्हणायचं, दोन टाके घातले आणि एवढे? आता ओळी वाचून घासाघीस करतो, पण ‘दोन टाके’ म्हणत नाही. खाली शिवणारीची सही असते. सातही जणींच्या सह्या वेगवेगळ्या. एकीला सही येत नव्हती, ती अंगठा द्यायला लाजायची. मग ती ठिगळाच्या कडेला एक चांदणी टाकते, तीच तिची सही. तिचं काम मागून घेणारी गिऱ्हाइकं आहेत आता, चांदणीवालीकडेच द्या म्हणतात.

दरावरून आमच्यात अजून भांडणं होतात. कोपऱ्याचा दर जास्त ठेवायचा की सगळ्या कामाला एकच, यावर मागच्या महिन्यात दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या. मी कोपऱ्याला जास्त म्हणते, कारण हात त्यात जातो. बाकीच्या म्हणतात, उसवण्यात डोळे जातात, त्याचं काय? त्यांचंही खरं आहे. मी स्वतः अकरा वर्षं उसवत होते, अन् बघा, दर ठरवायला बसले की उसवणं विसरते. तुम्ही ज्या गावाहून आला आहात तिथं हे कसं ठरवता, ते मला चर्चेत ऐकायचं आहे.

माझं बोलणं संपलं. बाहेर ओसरीवर एक जुनं शीड अंथरून ठेवलं आहे, मी येताना भंगाराच्या भावात घेतलं होतं. त्याची मागची कड गेलेली आहे. सुया आहेत, मेण आहे, दोन चामडी पट्टे आहेत, बाकीच्यांनी चिंध्या गुंडाळा. चहा झाला की चौघी-चौघी बसा. ताटली मी आणली आहे, ठिगळ आखायला.